ग्रह, उपग्रह, तारे : नाव कशावरून ठरतं?

घटक चाचणीचा एक पेपर घेऊन एक शिक्षिका आमच्याकडे आल्या होत्या. 'चूक की बरोबर ते लिहा' या प्रश्नात एक विधान होतं : 'उपग्रह ग्रहांपेक्षा लहान असतात.' अपेक्षित उत्तर होतं 'बरोबर'. एका मुलीनं 'चूक' लिहिलं होतं आणि तिचा एक गुण गेला होता. मधल्या सुट्टीत ती विचारायला आली, "बाई, गुरूचा गॅनिमीड तर बुधापेक्षा मोठा आहे. मग माझं उत्तर चूक कसं?"

बाईंनी घरी जाऊन पुस्तकं चाळली. गॅनिमीडचा व्यास सुमारे ५,२६८ किलोमीटर आणि बुधाचा ४,८७९. शनीचा टायटन हा उपग्रहही (५,१५० किलोमीटर) बुधापेक्षा मोठा निघाला. मुलीचं म्हणणं खरं होतं. आता बाईंना दोन प्रश्न पडले. एक त्या गुणाचं काय करायचं हा. दुसरा जास्त अवघड : लहान-मोठेपणावरून ठरत नसेल, तर ग्रह कोणता, उपग्रह कोणता आणि तारा कोणता हे ठरतं तरी कशावरून?

पुस्तकातली व्याख्या आपल्या सर्वांना पाठ असते. ताऱ्याला स्वतःचा प्रकाश असतो, ग्रहाला नसतो. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो, उपग्रह ग्रहाभोवती फिरतो. या व्याख्या चुकीच्या नाहीत. पण नीट पाहिलं तर त्यांत दोन अगदी वेगळ्या प्रकारचे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. ते सुटे केले की गॅनिमीडचं कोडं सुटतं, आणि प्लूटोचंही.

नुसत्या डोळ्यांनी काय कळतं?

आपली रोजची भाषा पाहा. पहाटे किंवा संध्याकाळी क्षितिजाजवळ चमकणाऱ्या शुक्राला आपण 'शुक्राची चांदणी' म्हणतो, 'शुक्रतारा'ही म्हणतो. शुक्र तर ग्रह आहे. मग आपले पूर्वज चुकले का? तसं म्हणता येणार नाही. आकाशात चमकणारा ठिपका तो तारा, या अर्थानं ते नाव योग्यच होतं.

नवग्रहांची यादी आठवा : रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि राहू, केतू. यात सूर्य आणि चंद्र 'ग्रह' आहेत आणि पृथ्वीचं नावच नाही. आजच्या पुस्तकाशी ताडून पाहिलं तर हा गोंधळ वाटेल. पण यादी करणाऱ्यांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता : नक्षत्रांच्या स्थिर पार्श्वभूमीवर जागा बदलत जाणारं कोण आहे? या प्रश्नाला सूर्य, चंद्र आणि पाच ग्रह हे अचूक उत्तर आहे. (राहू-केतू म्हणजे चंद्राचा आणि सूर्याचा मार्ग जिथे छेदतात ते दोन बिंदू. तेही सरकतात.) प्राचीन ग्रीकांचं वर्गीकरणही असंच होतं. ग्रहासाठी युरोपीय भाषांत जो शब्द आला, त्याचा मूळ ग्रीक अर्थच 'भटक्या' असा आहे.

१५४३ साली कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि प्रश्नच बदलला. 'आकाशात कोण सरकतं?' याऐवजी 'कोण कोणाभोवती फिरतं?' असं विचारलं जाऊ लागलं. त्यासरशी सूर्य ग्रहांच्या यादीतून बाहेर पडला, पृथ्वी आत आली आणि चंद्र पृथ्वीचा सोबती ठरला. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओनं दुर्बिणीतून गुरूजवळ चार ठिपके पाहिले. रोज त्यांच्या जागा बदलत, पण गुरूची साथ ते सोडत नसत. गुरूलाही 'चंद्र' आहेत हे त्यातून कळलं. गॅनिमीड त्या चारांपैकीच एक. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला शुक्राच्या चंद्रासारख्या कला दिसल्या. शुक्राची चांदणी उसन्या उजेडावर चमकते, हे तेव्हा स्पष्ट झालं.

लुकलुकण्याची खूण

'तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत' ही ओळखीची खूण वर्गात हमखास सांगितली जाते. आकाशदर्शनाला ती उपयोगी आहे. पण तारा आणि ग्रह यांच्यातला मूळ फरक म्हणून ती सांगू नये. तारे इतके दूर आहेत की आपल्याला ते निव्वळ बिंदू दिसतात. त्या बिंदूपासून येणारा प्रकाश हवेच्या हलत्या थरांतून येताना कमीजास्त होतो आणि तारा लुकलुकतो. ग्रह जवळ असल्यानं दुर्बिणीतून त्यांची लहानशी तबकडी दिसते. तबकडीच्या निरनिराळ्या भागांतून येणाऱ्या प्रकाशाचे चढउतार एकमेकांना सांभाळून घेतात. म्हणजे लुकलुकणं हा अंतराचा आणि आपल्या हवेचा गुण झाला. चंद्रावर हवा जवळजवळ नाहीच. तिथून पाहिलं तर एकही तारा लुकलुकणार नाही.

तेजस्वीपणावरूनही काही ठरत नाही. चंद्राच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम १२ टक्के परत फिरतो. जुन्या डांबरी रस्त्याइतकाच तो काळपट आहे. तरी रात्रीच्या आकाशात त्याच्याएवढं तेजस्वी काही नसतं, कारण तो अवघ्या पावणेचार-चार लाख किलोमीटरवर आहे.

खडूचा सूर्य आणि तुरीचे दाणे

आता वर्गात एक प्रतिकृती करू. एक मीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर असं प्रमाण घ्या. भिंतीवर खडूनं १.४ मीटर व्यासाचं वर्तुळ काढा. दोरीची लांबी ७० सेंटिमीटर ठेवली की झालं. हा सूर्य. पृथ्वी म्हणजे सुमारे १.३ सेंटिमीटरची लहान गोटी, सूर्यापासून १५० मीटरवर. तिच्यापासून ३८ सेंटिमीटरवर ज्वारीचा एक दाणा ठेवा. तो आपला चंद्र. गुरूसाठी १४ सेंटिमीटरचं मोठं पपनस लागेल. त्याला पाऊण किलोमीटरहून थोडं पुढे, शाळेच्या आवाराबाहेरच, ठेवावं लागेल.

बुधासाठी तुरीचा एक दाणा घ्या आणि सूर्यापासून ५८ मीटरवर ठेवा. गॅनिमीडसाठी तुरीचाच, पण किंचित मोठा दाणा घ्या आणि पपनसापासून एक मीटरभर अंतरावर ठेवा.

यानंतर त्या दोन मुलांना आपापले दाणे उचलून वर्गात आणायला सांगा आणि दोन्ही दाणे टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. आता वर्गाला विचारा : यातला ग्रह कोणता आणि उपग्रह कोणता?

सांगता येणार नाही. दाणा कितीही निरखला तरी त्यात 'ग्रहपणा' सापडत नाही. 'तो कुठून उचललास?' असं विचारलं तरच उत्तर मिळतं. सूर्याभोवतीच्या वाटेवरून उचलला असेल तर ग्रह, पपनसाभोवतीच्या वाटेवरून उचलला असेल तर उपग्रह.

ग्रह आणि उपग्रह ही नात्याची नावं आहेत. एखाद्या माणसाकडे नुसतं पाहून तो मामा आहे की काका हे सांगता येतं का? तो कोणाचा कोण, हे विचारावं लागतं. मामा भाच्याहून वयानं लहान असू शकतो आणि तरी तो मामाच असतो. गॅनिमीड आणि बुध यांचं तसंच आहे. (चंद्राला आपण चांदोमामा म्हणतो. नातं लावण्याची सवय जुनीच म्हणायची!)

नातं बदललं तर नावही बदलतं. नेपच्यूनचा ट्रायटन हा उपग्रह याचं उत्तम उदाहरण आहे. १८४६ साली नेपच्यून सापडल्यानंतर अवघ्या १७ दिवसांनी तो दिसला. त्याचा व्यास सुमारे २,७०० किलोमीटर, म्हणजे प्लूटोपेक्षा जास्त. नेपच्यून स्वतःभोवती ज्या दिशेनं फिरतो त्याच्या उलट दिशेनं ट्रायटन त्याला प्रदक्षिणा घालतो. ग्रहाबरोबरच त्याच्या आसपास जन्मलेला मोठा उपग्रह असा उलटा फिरण्याची शक्यता नसते. म्हणून शास्त्रज्ञ मानतात की ट्रायटन पूर्वी प्लूटोसारखाच सूर्याभोवती स्वतंत्रपणे फिरत होता आणि पुढे कधी तरी नेपच्यूनच्या गुरुत्वाकर्षणात अडकला. वस्तू तीच राहिली. ज्याच्याभोवती ती फिरते तो बदलला आणि ती उपग्रह झाली.

तारा : इथे नातं लागत नाही

ताऱ्याची गोष्ट निराळी आहे. तो कोणाभोवती फिरतो हे विचारण्याची गरजच नसते. त्याच्या पोटात काय चाललं आहे, एवढंच पाहायचं.

कोणत्याही मोठ्या वस्तूचं वस्तुमान तिला स्वतःकडेच ओढत असतं. वस्तुमान अगदी कमी असेल तर दगडाची ताकद या ओढीला पुरून उरते आणि वस्तू वेडीवाकडी राहते. मंगळाचा फोबोस हा २७ किलोमीटर लांबीचा उपग्रह बटाट्यासारखा दिसतो तो यामुळेच. वस्तुमान वाढलं की ओढ जिंकते आणि वस्तू गोल होते. आपला चंद्र, पृथ्वी, गुरू हे गोल आहेत ते म्हणून.

वस्तुमान आणखी वाढवत नेलं तर केंद्रावरचा दाब आणि तापमान वाढत जातं. सूर्याचं वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३,३३,००० पट आहे. त्याच्या केंद्रात तापमान दीड कोटी अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. एरवी हायड्रोजनची अणुकेंद्रं एकमेकांना दूर ढकलतात, कारण दोन्हींवर धन विद्युतभार असतो. पण इथे ती इतक्या वेगानं आणि इतक्या दाटीवाटीनं आदळतात की काही थोडी एकमेकांत मिसळतात आणि टप्प्याटप्प्यानं हेलियम तयार होतो. सूर्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो आणि त्यातलं ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान ऊर्जेच्या रूपानं बाहेर पडतं. वर्गाच्या खिडकीतून आत येणारं ऊन म्हणजे तीच ऊर्जा.

तारे म्हणजे दूरचे सूर्य, हे कशावरून? १८३८ साली बेसेल यांनी हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं अंतर मोजलं. ते सुमारे अकरा प्रकाशवर्षं निघालं. इतक्या दुरून दिसणारी वस्तू उसन्या उजेडावर चमकू शकत नाही. पुढे ताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्णपट तपासले गेले. त्यांचा अर्थ लावण्याची किल्ली मेघनाद साहा यांनी १९२० च्या सुमारास मांडलेल्या समीकरणानं दिली. त्याच्या आधारे सेसिलिया पेन यांनी १९२५ साली दाखवून दिलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत.

आपल्या प्रतिकृतीत सर्वांत जवळचा दुसरा तारा कुठे ठेवायचा, हा प्रश्न मुलांना जरूर घाला. प्रॉक्झिमा सेंटॉरी हा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. प्रतिकृतीत तो फुटबॉलएवढा होतो आणि त्याचं अंतर होतं ४०,००० किलोमीटर. पृथ्वीचा घेर एवढाच आहे. म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर त्याला ठेवायला जागाच नाही!

सीमेवरची मंडळी

मग गुरू तारा का नाही? तोही मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचाच बनलेला आहे. सूर्याकडून जेवढी उष्णता त्याला मिळते, त्यापेक्षा जास्त तो बाहेर टाकतो. 'स्वतःची उष्णता' त्याच्याकडेही आहे. पण ती जन्माच्या वेळची साठलेली आणि आकसण्यातून सुटणारी उष्णता आहे, हायड्रोजन पेटल्याची नाही. गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट असलं तरी ते सूर्याच्या हजाराव्या भागाएवढंच आहे. हायड्रोजन सतत पेटता राहायचा तर गुरूच्या सुमारे ७५ ते ८० पट वस्तुमान हवं.

या मर्यादेच्या अलीकडच्या वस्तू कशा असतील, याचं गणित शिव कुमार या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. त्यांना पुढे 'तपकिरी बटू' हे नाव मिळालं. अशा वस्तू प्रत्यक्ष सापडल्याची खात्री मात्र १९९५ साली झाली. गुरूच्या सुमारे १३ पटींहून अधिक वस्तुमान असलं की त्यांत ड्यूटेरियम हा जड हायड्रोजन काही काळ जळतो, पण साधा हायड्रोजन काही पेटत नाही. चूल फुंकून धूर निघावा पण जाळ धरू नये, तशी त्यांची गत असते.

आकाराचा मुद्दा इथेही फसतो. गुरूत आणखी वस्तुमान ओतत गेलं तर तो त्या प्रमाणात फुगत नाही, आतल्या आत दाबला जातो. २०१७ साली जाहीर झालेला एक तारा शनीपेक्षा जेमतेम मोठा आहे, पण त्याचं वस्तुमान गुरूच्या सुमारे ८५ पट आहे. आकारानं ग्रहासारखा असूनही तो तारा आहे, कारण त्याच्या पोटात हायड्रोजन पेटलेला आहे.

आणखी एक उदाहरण आपल्या ओळखीच्या व्याधाचं. आकाशातल्या या सर्वांत तेजस्वी ताऱ्याला एक फिकट जोडीदार आहे. दोघं सुमारे पन्नास वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात. जोडीदाराचा आकार साधारण पृथ्वीएवढा आणि वस्तुमान सूर्याएवढं आहे. ताऱ्याभोवती फिरतो म्हणून त्याला कोणी ग्रह म्हणत नाही. त्याचं इंधन संपलं आहे. उरलेल्या उष्णतेवर तो चमकतो आहे. तरी त्याला 'श्वेत बटू तारा' म्हणतात, कारण एके काळी तो पेटला होता. निवृत्त झालेल्या शिक्षकांना गाव 'गुरुजी'च म्हणतं, तसंच हे.

प्लूटोचं काय झालं?

नात्याची नावं माणसांनी ठरवलेली असतात. त्यामुळे ती कधी कधी पुन्हा तपासावी लागतात. १८०१ साली मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये सेरेस सापडला तेव्हा त्याला ग्रहच म्हटलं गेलं. पण त्याच पट्ट्यात एकामागून एक अनेक वस्तू सापडू लागल्या, तेव्हा या सर्वांना 'लघुग्रह' हे वेगळं नाव मिळालं.

१९३० साली सापडलेल्या प्लूटोच्या वाट्याला हेच आलं. १९९२ पासून नेपच्यूनपलीकडे त्याच्यासारख्या वस्तू सापडू लागल्या. २००५ साली जाहीर झालेला एरिस तर जवळजवळ प्लूटोएवढाच निघाला. दोघांना ग्रह म्हणायचं की एकालाही नाही? २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग शहरात आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं मतदानानं व्याख्या ठरवली. ग्रह सूर्याभोवती फिरणारा हवा, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं गोल झालेला हवा आणि त्यानं आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला हवा. तिसऱ्या अटीत प्लूटो बसला नाही आणि 'बटू ग्रह' ठरला. सेरेस आणि एरिसही त्याच गटात गेले. त्या दिवशी प्लूटोवर काहीही घडलं नाही, घडलं ते आपल्या वहीत.

ही व्याख्या फक्त आपल्या सूर्यमालेपुरती आहे, हेही लक्षात ठेवावं. १९९० च्या दशकापासून इतर ताऱ्यांभोवती पाच हजारांहून अधिक ग्रह सापडले आहेत. कोणत्याच ताऱ्याभोवती न फिरणाऱ्या, अंतराळात एकट्या भटकणाऱ्या ग्रहासारख्या वस्तूही आढळल्या आहेत. त्यांना काय म्हणावं यावर चर्चा चालू आहे. नातंच तुटलं तर नात्याचं नाव कसं द्यायचं, अशी ही अडचण आहे.

वर्गात काय सांगावं?

आम्हाला वाटतं, व्याख्या पाठ करून घेण्याआधी मुलांच्या हाती दोन प्रश्न द्यावेत. पहिला : हिच्या पोटात हायड्रोजन पेटला आहे का, किंवा कधी पेटला होता का? उत्तर 'हो' असेल तर तो तारा. मग तो केवढा आहे, कोणाभोवती फिरतो, याची फिकीर नको. उत्तर 'नाही' असेल तर दुसरा प्रश्न : ही वस्तू कोणाभोवती फिरते? ताऱ्याभोवती फिरत असेल आणि पुरेशी मोठी असेल तर ग्रह. ग्रहाभोवती फिरत असेल तर उपग्रह, मग ती बटाट्याएवढी वेडीवाकडी असो की बुधाहून मोठी.

फळ्यावर दहा नावं लिहा : सूर्य, शुक्र, चंद्र, फोबोस, गॅनिमीड, ट्रायटन, प्लूटो, गुरू, व्याध, व्याधाचा जोडीदार. मुलांना हे दोन प्रश्न एकेका नावाला लावून पाहू द्या. प्लूटोपाशी वाद होईल. तो होऊ द्यावा. शास्त्रज्ञांमध्येही झाला होता.

आणि त्या गुणाचं काय झालं? त्या विधानात एकच शब्द कमी होता. 'उपग्रह आपापल्या ग्रहापेक्षा लहान असतो' असं लिहिलं असतं तर आपल्या सूर्यमालेपुरतं ते बरोबर ठरलं असतं. गॅनिमीड बुधाहून मोठा असला तरी गुरूपुढे तो तुरीचा दाणाच आहे. तो शब्द नसल्यामुळे ज्यांनी 'बरोबर' लिहिलं त्यांचंही चुकलं नव्हतं आणि जिनं 'चूक' लिहिलं तिचंही नाही. बाईंनी तिचा गुण तिला परत दिला, आणि तो का दिला हे साऱ्या वर्गाला पपनस आणि तुरीचे दाणे मांडून सांगितलं. पुढच्या चाचणीत त्यांनी विधान दुरुस्त केलं आणि त्याखाली दोन शब्द जोडले : 'कारण लिहा.'